ज्यांस होणें

४ जुलै २०२५

एका फोटोला पाऊण तास! लेकीनं, स्फूर्तीनं, मेतकुटाची बरणी ओसरीवर तीन ठिकाणी ठेवून पाहिली. शेवटी अप्पांनाच बरणीमागं बसवलं. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गोपीचंदन. ब्याऐंशीव्या वर्षी मॉडेल झालो — स्वतःच म्हणाले, स्वतःच हसले.

पाटीही त्यांनीच लिहिली. पुठ्ठ्यावर, शाईच्या पेनानं, सावकाश.

"हें आमचें घरचें मेतकूट. पूर्वजांनीं रीत आणिली, आम्हीं अजून राखितों. ज्यांस होणें त्यांनीं कळविणें."

स्फूर्ती आजोबांना म्हणाली, "ताता, पुण्यामुंबईचे लोकही बघतील. त्यांना कळेल का आपलं मराठी?"

"मराठीच ना तें? तीनशें वर्षं तमिळांत राहून राखलें. त्यांस कां नाहीं कळणार?"

फोटो आमच्या मेतकुटाच्या पेजवर गेला. घरच्या ग्रुपवरही.

८ जुलै

चौदा लाइक. त्यातले पाच नात्यातले. मागण्या दोन — दोन्ही चेन्नईच्या आत्याच्या!

१९ जुलै

शाळेतून आले तर स्फूर्ती दारातच उभी. तोंड उतरलेलं. तिनं फोन पुढं केला.

महाराष्ट्रातलं कुठलंसं विनोदाचं पेज. त्यावर आमचे अप्पा. बरणी, पाटी, सगळं. वर मथळा — "शुद्धलेखनाचा खून." चार लाख लोकांनी पाहिलाय.

"काय होणें? बाळ होणें?"

"शिवकालीन मेतकूट. एक्सपायरी बघून घ्या!"

"आजोबा, ही मराठी आहे की तेलुगू?"

आमच्यात 'हवं'ला 'होणें' म्हणतात. पाणी होणें, भात होणें. जन्मल्यापासून म्हणतोय. यात हसण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही.

एका बाईनं लिहिलंय, "किती गोड. माझी पणजी असंच लिहायची." तिच्याखालीही हसणारी तोंडं.

अप्पांना सांगायचं नाही असं दोघींनी ठरवलं.

२० जुलै

अप्पांना कळलंय. कुणी पाठवलं कोण जाणे. सकाळपासून भिंग घेऊन एकेक वाचतायत. मी फोन मागितला तर म्हणाले, "थांब वसंता. एवढ्यांनीं लिहिलें आहे, वाचायला नको?"

जेवायला बसले ते तीन वाजता.

२१ जुलै

स्फूर्तीनं त्या पेजला लिहिलं — फोटो काढा, ते माझे आजोबा आहेत. उत्तर आलं: "फुकट जाहिरात झाली की तुमची!" पुढं डोळा मारणारं तोंड.

आमच्या पेजवरचा तिनं काढून टाकला. काय उपयोग. तो आता कुठं कुठं फिरतोय.

२३ जुलै

जेवताना अप्पा ताकाच्या भांड्याकडं बघत थांबले. ओठ हलले, पुन्हा मिटले. मग म्हणाले, "ताक… पाहिजे."

स्फूर्ती पानावरून उठून आत गेली.

२ ऑगस्ट

त्यागराज मामा येऊन गेले. अप्पांचे भजनातले सोबती. मराठीचा एक शब्द कळत नाही त्यांना, पण अप्पांचे सगळे अभंग पाठ. अप्पा आत आहेत बघून मला हळूच तमिळमध्ये म्हणाले, "मरुदानल्लूरला आज भजनात तुझे अप्पा गायले नाहीत. तोंड मिटून नुसते टाळ वाजवले. घसा दुखतोय का?"

मी म्हटलं, हो, घसा.

९ ऑगस्ट

मागण्याच मागण्या! आठवड्यात साठ पाकिटं. निम्म्या लोकांनी मागणीबरोबर लिहिलंय — "आम्हांस होणें!" आणि हसणारी तोंडं.

स्फूर्ती म्हणाली, "अम्मा, रागावू नकोस. पाकिटावर तेच छापूया का? 'ज्यांस होणें.' लोकांच्या लक्षात राहिलंय."

मी नको नको ते बोलले. आजोबांना विकायला काढलंस, इथपर्यंत! तीही ऐकून घेणारी नाही. "मी विकलं नाही. बाजारात त्या हसणाऱ्यांनी मांडलं. आता निदान मेतकूट तरी विकू दे!"

तिचंही खोटं नाही. नोकरी सोडून हे चालू केलंय तिनं. पण आत अप्पा सगळं ऐकत होते.

१० ऑगस्ट

अप्पांनी स्फूर्तीला जवळ बोलावलं. "छाप तूं. मला कांहीं नाहीं." तिनं छापलं नाही.

२४ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

स्फूर्ती जुने फोटो बघत होती. एकदम म्हणाली, "अम्मा, इकडं ये." आमच्या पेजवर तिनं टाकला होता तो फोटो कापलेला — बरणी, पाटी, आणि अप्पांची नुसती बोटं. विकायचं ते दिसलं पाहिजे म्हणून. हसणाऱ्यांच्या पेजवर आहे तो अख्खा. अप्पांच्या चेहऱ्यासकट. मागच्या खुंटीला माझी छत्रीसुद्धा.

अख्खा फोटो आमच्या ग्रुपशिवाय कुठंच गेला नव्हता. ग्रुपमध्ये चौघं. मी, स्फूर्ती, अप्पा.

आणि पुण्यात माझा मुलगा. मुरारी.

२५ ऑगस्ट

शाळेच्या गच्चीवरून फोन केला, घरून नाही. आधी म्हणाला, काय बोलतेस अम्मा. मग —

"ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. नुसता. पुढं कुणी पाठवेल, मला काय माहीत!"

"टाकताना काय लिहिलंस?"

"जाऊ दे ना ते, अम्मा."

"तू हसलास का रे?"

"सगळेच हसत होते अम्मा." मग रडायला लागला, सत्तावीस वर्षांचा माणूस. "इथं आलो तेव्हा सहा महिने माझ्यावर हसले. मी तोंड उघडलं की हसायचे. जेवताना 'भाजी होणें' म्हटलं तर टेबल बडवून हसले. मी बोलणंच बदललं. पण मी आधी हसलो की ते माझ्यावर हसत नाहीत. तुला नाही कळायचं."

कळलं. तेच वाईट. त्या टेबलाशी तो एकटा बसलेला मला दिसला, आणि भिंग घेऊन बसलेले अप्पाही दिसले. कुणाच्या बाजूनं रडू?

ठेवताना म्हणाला, "तातांना सांगू नकोस."

नाही सांगणार म्हटलं. स्फूर्तीलाही शपथ घातली.

११ सप्टेंबर

अप्पांनी भजनाची वही त्यागराज मामांना देऊन टाकली. त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी.

३ ऑक्टोबर

घरात आवाज नाही. अप्पा बोलतात ते मोजून, प्रत्येक शब्द आधी तपासून. "वसंता, दिवा… लाव." पूर्वी संध्याकाळी हाच माणूस थांबवता थांबत नसे. मीही आता त्यांच्यापुढं जपून बोलते. आपल्याच घरात परीक्षेला बसल्यासारखं.

स्फूर्ती कुरिअरला दारासुरम्‌ला गेली की मी आणि अप्पा, दोघंच. पंखा ऐकत बसतो.

१२ ऑक्टोबर

मुरारी दिवाळीला येतोय. मीच म्हटलं, ये. आला की बरोबर होईल. अप्पांचा जीव आहे त्याच्यावर. अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली त्याची, मांडीवर बसवून. ते झालेलं कुणी काढायचं नाही. झाकून टाकायचं, बस्स.

अप्पांना सांगितलं. "सरी," म्हणाले — तमिळमधलं नुसतं 'बरं'.

१८ ऑक्टोबर

मुरारी सकाळच्या गाडीनं आला. पिशवी टाकून आधी अप्पांच्या पाया पडला. "ताता, बरें आहांत?" — आपल्या बोलीत, अगदी लहानपणच्यासारखं.

आम्ही कुणी अप्पांना अवाक्षरानं सांगितलं नव्हतं. पण तो अख्खा फोटो त्यांच्याही फोनवर होता, आणि हाताशी भिंगही.

अप्पा उठले. दारी परका पाहुणा आला की उठतात तसे. हात जोडले. खुर्ची पुढं केली. आणि मांडीवर वाढवलेल्या नातवाला, तमिळमध्ये, अहोजाहो करून म्हणाले —

"वांगो. उक्कारुंगो."

या. बसा.