घरच्या संगणकातली वारिजा

बोळूर, मंगळूर
११ नोव्हेंबर

प्रिय वारिजा,

दोन वर्षांनी पत्र, तेही टपालाने, म्हणून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. माझा तेवढा घोटा मोडलाय. बंदरावरच्या ओल्या फरशीवर घसरले. सहा आठवडे प्लास्टर. आपल्या शब्दकोशाची शेवटची मुद्रितं तपासायची राहिलेली, आणि मी पाय उशीवर टाकून घरात. म्हटलं, घरच्याच संगणकावरून विभागाच्या सामायिक साठ्यात शिरावं आणि काम उरकावं.

साठा उघडेना. विद्यापीठाशी जोडणी व्हायची, हिरवी खूण यायची, आणि दारात मात्र एकच उत्तर: तुम्हाला परवानगी नाही. अकरा वर्षं ज्या कोशाची मी संपादक, त्याच्याच दारात. तीनदा पासवर्ड बदलला. शेवटी संगणक केंद्रातल्या डॉल्फीला फोन लावला.

तो म्हणाला, "अक्का, पत्ता नीट टाकलाय ना? सुरुवातीच्या तिरक्या रेघा उलट्या पडल्या नाहीत ना?" मी म्हटलं, "डॉल्फी, मी शब्दकोश करते. रेघा कळतात मला." तर त्या उलट्याच होत्या. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. रेघा सुधारल्या, तरी परवानगी नाहीच. मग त्याने संगणक जिथे जपून ठेवलेली नावं दाखवतो ती जागा उघडायला लावली. "कोणाचं नाव दिसतंय?" मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "अक्का, फोन कट झाला का?"

तुझं नाव होतं. तुमच्या घराची कौलं बदलत होते तेव्हा महिनाभर तू माझ्या घरच्या टेबलावर काम केलंस, त्या वेळचं. मी इकडे माझे पासवर्ड बदलत बसले होते, आणि संगणक तिकडे सांगत होता की वारिजा आलीय.

डॉल्फी म्हणाला, "त्यांचं खातं सोमवारीच बंद केलं. फार दिवस कोणी वापरलं नाही की करतो. महिनाअखेर फोल्डरही पुसला जाईल. ते नाव काढा, तुमचं टाका." काढलं. साठा लगेच उघडला.

मुद्रितं राहिली बाजूला, मी आधी तुझा फोल्डर उघडला. त्यात ती यादी होती. तीन हजारांवर शब्द, आणि प्रत्येकापुढे तो सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, जाळं विणतो की मासे विकते, सगळं. दोन वर्षांपूर्वी विभागाच्या त्या बैठकीत मी सर्वांसमोर म्हणाले होते, "शब्दकोशात शब्द असतात, माणसं नसतात. आणि एवढी यादी करणार कोण?" तू म्हणालीस, "माझ्या आईचे चारशे शब्द घेतलेस अक्का, आणि ती पुस्तकात कुठेच नाही. मग मी तरी कशाला असू?" तो शुक्रवार होता. यादीवर पुढच्या मंगळवारची तारीख आहे. म्हणजे भांडून गेल्यावरही तू ती पुरी केलीस. साठ्यात ती सगळ्यांना दिसत होती. मी उघडून पाहिली नाही.

विभागात मी सांगितलं की तुला शिमोग्याला चांगली नोकरी मिळाली. ती तू नंतर शोधलीस, हे मला माहीत होतं.

तुझा फोल्डर तुला न विचारता मी माझ्या जागेत उतरवून घेतलाय. त्याबद्दल रागावलीस तरी चालेल. छापखान्याला थांबायला सांगितलंय. "आत्ता, मॅडम?" म्हणून मालक कुरकुरला, पण शेवटी सव्वीस पानं वाढवतोय. त्यात सगळी नावं येतील, आणि यादी तुझी आहे हेही वर येईल.

एवढं कळवायला फोनही चालला असता. पत्र लिहिलं ते एका रिकाम्या रकान्यासाठी. चारशे बारा शब्दांपुढे तू गाव लिहिलंस, वय लिहिलंस, नाव लिहिलं नाहीस. मी भरायला घेतलं आणि हात थांबला. इतकी वर्षं उळ्ळालला तुमच्याकडे बांगड्याची आमटी जेवले, सगळ्यांसारखी तिला अप्पे, म्हणजे आईच, म्हणत राहिले, आणि तुझ्या आईचं नाव मी कधी विचारलंच नाही. तिला विचार, तिला हवं तसं लिहून पाठव. ते आल्याशिवाय मी पुस्तक छापायला देणार नाही.

तुझीच,
यशोधरा अक्का