श्वास रोखून घेतलेली बावीस मापं

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा मशीनवर बसल्याबसल्या नमस्कार. (उठूनच करणार होतो, पण मांडीवर टाचण्या लावलेला कोट आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? माझी तब्येत उत्तम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून पत्र.

नव्या पुलाच्या उद्घाटनाला वाजवणाऱ्या बँडचे बावीस कोट आपल्याला मिळाले, हे तुला ठाऊक आहेच. रविवारी द्यायचे आहेत. साधलं, तर बँडचं काम कायमचं आपलं. फसलं, तर बाबांच्या हातची पाटी उतरवून मला समोरच्या रेडिमेडवाल्याकडे लोकांच्या पँटी आखूड करत बसावं लागेल. त्यामुळे काम आलं आणि माझं डोकं ठिकाणावरून गेलं. बाह्या कापताना काजांची काळजी, काजं करताना कॉलरची आणि जेवताना सगळ्यांची एकदम. टेप गळ्यात असताना टेप शोधणं हे कुठलाही शिंपी करतो; मी ती सापडेना म्हणून हिच्यावर डाफरलो, बाजारात जाऊन नवी आणली आणि गळ्यात घालायला गेलो, तेव्हा कळलं.

त्यावर तू फोनवर म्हणालीस, "अरे, हातात आहे तेवढंच बघ. श्वास आत घे, चार मोजेपर्यंत धर, मग सोड. आणि मोठ्याने म्हण, म्हणजे मन भटकत नाही." तुझा शब्द मी कधी मोडलाय? (आठवत बसू नकोस.)

दुसऱ्याच दिवशी मापं होती. आपली रीत तुला माहीत आहे: टेपवाल्याने आकडा मोठ्याने सांगायचा, वहीवाल्याने मान वर न करता लिहायचा. वही हिच्याकडे. पहिलाच गडी ढोलवाला, पोट ढोलाच्या तोडीस तोड. मी टेप त्याच्याभोवती फिरवली, डोळे मिटले आणि म्हणालो, "श्वास आत घ्या. धरा." (मी स्वतःला अहो-जाहो करतो. कामाच्या रगाड्यात तेवढाच मान.) शिंप्यासमोर माणूस किती गरीब होतो, तुला ठाऊक आहे. हात वर म्हटलं की वर, वळा म्हटलं की वळतो. ढोलवाल्याने श्वास धरला. मी चार मोजले, आकडा सांगितला, हिने लिहिला. मग एकामागून एक सगळे. त्यातले बहुतेक फुंकून पोट भरणारे, श्वास धरण्यात त्यांचा हात कोण धरणार? ढोलवाल्याचं पोट छत्तीस भरलं, तेव्हाही मला शंका आली नाही. वाटलं, शांत मनाने बघितलं की माणसं बारीक दिसत असतील. हिने मात्र एकदा मान वर केली. "अहो, हा आकडा बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "आत्ता जे आहे तेवढंच लिही." (हे वाक्य आता ती मला दिवसातून दहा वेळा ऐकवते.)

काल कोट घालून बघायला सगळे आले. बटणं लावताना बावीसच्या बावीस जणांनी आपणहून श्वास धरला. काय दिसत होते म्हणून सांगू! मला भरून आलं. तेवढ्यात बँडमास्तर म्हणाले, "जरा वाजवून बघू." वाजवायचं म्हणजे श्वास सोडणं आलं. ढोलवाल्याचं मधलं बटण सुटलं ते थेट ढोलावर, आणि बाकीच्यांना वाटलं, ठेका मिळाला. त्यांनी फुंकलं. पुढचं लिहीत नाही. ही अजून कपाटाखालून बटणं काढते आहे. बँडमास्तर सज्जन माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी आम्ही वाजवायचं, की नुसतं उभं राहायचं?" त्यांच्या पाठीवरची शिवण वीतभर उसवली होती. मी त्या फटीकडे बघून "होईल, होईल" म्हणालो.

असो. मी अगदी शांत आहे. तू मुळीच काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडलंय, लागणार आहे चार बोटं. बगलेखाली पट्टी घालून कोट वाढवायची तुझी युक्ती मला येत नाही. तू शिकवलीस तेव्हा मी नुसती मान डोलवत होतो, मन बाहेर खेळायला गेलं होतं.

आणखी ता. क. काळजी करू नकोस, हे खोडलं असं समज. कालपासून कात्री उचलली की हात थरथरतो. हिला बोललेलो नाही. भीती वाटते गं, ताई. ये.

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हाताचं मला कालच दिसलं होतं, म्हणून तर लगेच तुम्हाला फोन केला. आज टाकलेलं पत्र रविवारच्या आत पोचत नाही, हे यांच्या लक्षातही आलेलं नाही. तुम्ही कोट उरकून घरी परत जाल, तेव्हा हे तुमच्या दारात पडलेलं असेल. तोवर पत्र मिळालं म्हणूनच आले, असं यांना सांगा, हे मी आता दारातच तुमच्या कानात सांगते. आता आवरते, खाली तुमची रिक्षा थांबलेली दिसते आहे.