सातव्या दोराचा आवाज

मुलीच्या आईस सप्रेम नमस्कार.

सर्कशीचा तंबू अंगबळाने नव्हे, कानाने उभा राहतो, हे मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. काठी मारली की ताठ दोर खणखणतो, सैल दोर बद्द वाजतो.

काल वारा होता. सगळे दोर वाजवून मी म्हणालो, "ठीक आहेत. लोकांना आत सोडा."

"थांबा! सातवा बद्द बोलतोय," आपली मुलगी म्हणाली. "बाबा, कान घरी विसरलात का?"

खुंटी उचकटली होती. तिने ती पुन्हा ठोकून घेतली. भरलेला तंबू तसूभर हलला नाही. आता दोर तीच पारखते. तिला शिकवणारा मीच, एवढे नमूद करतो.

प्रकृती उत्तम. तुझे गुडघे कसे आहेत?

एक चूक कबूल करतो: सातवा दोर मला नीट ऐकूच आला नव्हता, तरी मी तो ठीक ठरवला.

तुझा,
मुलीचा बाप