हिरवा निघाला म्हणून

प्रिय कारमन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या पेटीत टाकून जातेय. फाडू नकोस, आधी वाच. बाबांनी जपलेल्या भोपळ्याच्या वाणाची शेवटची बी यंदा आम्ही लावली. वेल कुंपणापर्यंत गेलाय, पानं छत्रीएवढी, पण फळ धरत नाही. दोन मादीफुलं गळाली. आता एकच कळी उरलीय, ती गेली की वाण संपला.

बाकी ठीक. फंडीच्या खाडीकडून सकाळी धुकं येतं, तरी वाटाणा बरा झाला. शेजारची डोरीन रोज टोपलीभर झुकिनी आणते. नको म्हटलं तर पायरीवर ठेवून पळते. त्या झुकिनीचं भय नाही, ती निराळ्या जातीची, तिचा पराग आपल्या वेलाला लागत नाही. पण बाईने हबर्ड भोपळाही लावलाय, आणि तो पडला आपल्याच जातीचा. मधमाश्यांवर सोडलं तर फळ धरेल, पण बी बाटेल. म्हणून आदल्या संध्याकाळी कळी बांधून ठेवायची आणि सकाळी नरफूल खुडून हातानेच पराग लावायचा. हे मी तुला काय सांगू!

त्या जत्रेचं मला अजून हसू येतं, आणि रागही. एकाच फळाच्या बिया तुम्ही दोघा भावांनी वाटून घेतल्या. तुझा नारिंगी निघाला, एल्डनचा हिरवा. काट्यावर एल्डनचा जड भरला; पण पंच म्हणाले, "नारिंगी तो पम्पकिन, हिरवा तो स्क्वॉश," आणि पम्पकिनच्या बक्षिसाची फीत तुला दिली. शास्त्राला दोन्ही एकच. एल्डन ओरडला, "रंगावरून आडनाव ठरवता काय रे?" त्यावर तू म्हणालास, "दादा, तुझा स्क्वॉश छान आहे हो!" झालं. तेव्हापासून तुमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एवढे मोठे बाप्ये, आणि भांडण कशावरून, तर सालीवरून!

आता खरं सांगते. हिवाळा सरला तेव्हापासून एल्डनला दिसेनासं झालंय. चष्म्याने भागेल असं त्याला वाटत होतं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. ती दोन फुलं त्याने चाचपडत बांधली आणि देठच मोडले. मी करते म्हटलं तर म्हणतो, "राहू दे. हे कारमनचं काम, त्याचा हात हलका." तुला बोलाव म्हणाला नाही, म्हणणारही नाही. मला मात्र बघवत नाही रे. कळी पिवळी व्हायला लागलीय, उद्या-परवा उमलेल. कळी मी गुपचूप बांधून ठेवते, तू सकाळी लवकर ये. तो वेलापाशीच बसलेला असेल. त्याला दिसणार नाही, त्यामुळे कोण आलंय ते तुलाच आधी बोलून सांगावं लागेल.

तुझीच,
थेल्मा वहिनी