सालोला कोणाच्या हाती सोपवावे

बाळ हेर्मानुस, आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझी कंबर कशी आहे? दुकानातली पोती अजून तूच उचलतोस का? लेनाचा खोकला थांबला का? यूलीला नवीन शाळा मानवली का? आणि तुझ्या सासूबाई अजून सगळ्यांवर ओरडतात ना? ओरडत असतील तर प्रकृती ठणठणीत आहे असे मी समजते. इकडे माझा मोडलेला पाय पावसाळी हवेत कुरकुरतो, पण चर्चपर्यंत नेतो. तुझी बहीण सालो तर माझ्याहून बरी आहे.

आता कामाचे.

मी, दोर्थेआ सापुलेते, कै. ओक्तो सापुलेते यांची पत्नी, सापारुआ बेटावरच्या हातुलोई गावची राहणारी, डोके ठिकाणावर असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र लिहिते. शाळा मी फारशी पाहिली नाही, अक्षरे बायबलवरून लावली. कायद्याची भाषा कुठे घसरली तर गावचे कारकून यापस यांनी सांभाळून घ्यावी.

पहिले, राहते घर. ते सालोमिनाचे. तुला शहरात पक्के घर आहे, तिला हे गाव आहे. ती वयाने चाळिशीची, मनाने लहान मुलगी. तिला शहरातल्या आश्रमात ठेवू असे तू लिहिलेस. मायेनेच लिहिलेस, पण ते मला मान्य नाही.

दुसरे, जंगम वस्तू. शिवणयंत्र लेनाला; त्याचे पायडल जरा दाबून चालवावे लागते, जसे तुझ्या वडिलांना. जायफळे खुडायची टोपलीवाली काठी यूलीला. चर्चचा काळा पोशाख कोणालाही नाही, तो माझ्या अंगावर राहील. बचत आहे ती सालोच्या औषधपाण्याला. त्यातूनच माझ्या अंत्यविधीला गावाला पापेदाची पेज आणि मासे पोटभर वाढावेत. रडणाऱ्यांना आधी वाढा, म्हणजे लवकर थांबतील.

तिसरे, प्रार्थनेच्या मेजावरची नवसाची पांढरी थाळी. तीही सालोला. त्या थाळीविषयी तुला काही सांगायचे आहे. दर शनिवारी संध्याकाळी थाळीत नाणे टाकून मी एकच मागणे मागत असे: देवा, सालोला माझ्या आधी ने, एक दिवस आधी का होईना. आई असून मी हे मागत होते. माझ्यामागे तिच्या तोंडात घास कोण घालील, हे मला कुठेच दिसत नव्हते.

चौथे, जायफळाची बाग. तीही सालोची, आणि तिच्यावर मंडळीची सासी कायम राहील. म्हणजे पाळकबाईंनी उपासनेत बाग देवाच्या हवाली करायची, वाटेवर झावळीची खूण बांधायची, आणि पुन्हा प्रार्थना करून उघडेपर्यंत मालकिणीनेसुद्धा फळाला हात लावायचा नाही. पूर्वी सासी घातल्यावरही मी काटेरी तार ओढत असे आणि कोयता घेऊन झाडाखाली बसत असे. शेजारचा लुकास, तुझा काका, कुंपणापलीकडून ओरडे, "वहिनी, देवाला पहाऱ्यावर बसवलंत, आणि देवावर पहारा करायला तुम्ही का?" सीमेवरच्या झाडावरून आमचे बोलणे बंद होते. तो टोमणे मारी, मी गिळी.

मग माझा पाय मोडला आणि मला बोटीत घालून तुझ्याकडे नेले. इस्पितळात मी तुझे डोके खाल्ले, आठवते ना? सालो उपाशी असेल, बाग लुटली असेल. परत आले तेव्हा बागेत जायफळे पडून फुटलेली, जायपत्री लालभडक, एकही उचललेले नाही. लुकासच्या अंगणात घरंगळलेली सुद्धा तिथेच होती. तो त्यांना वळसा घालून अंगण झाडत होता. सालो त्याच्याच ओसरीवर बसलेली, गाल चांगले वर आलेले. मला वाटले, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "आई, आलीस? आज काकांकडे मासा आहे. मी इथंच जेवते."

मला राग आला, मग इतके हसू आले की कुबडी सुटली. त्या शनिवारी थाळीत नाणे टाकून मी माझे मागणे परत घेतले. म्हटले, देवबापा, इतकी वर्षे ऐकले नाहीस, फार बरे केलेस.

पाचवे, सालोचा पालक. इथे यापस अडून बसले; गावासारखे तेही मला ओमा, म्हणजे आजी म्हणतात.

"ओमा, पालक म्हणून नाव कोणाचं?"

"देवबापाचं लिही."

"सही करायला येतील का ते?"

"तुझी कचेरी कधी उघडी सापडली तर येतील."

"थट्टा नको ओमा. हाडामांसाचं माणूस सांगा."

सगळे देवावर सोपवले असे मी म्हणत होते, पण त्याने शेजारी आणून बसवलेल्या माणसाकडे काही मागायची माझी तयारी नव्हती. तशीच कुबडी टेकत गेले. लुकास जाळे सांधत होता.

"लुकास, सालोचा पालक होशील?"

"सीमेवरचं झाड कोणी चोरलं म्हणालात वहिनी?"

"तूच. आजही तेच म्हणते."

"आणि पोर चोराच्या हवाली?"

"झाड घे, पोर सांभाळ."

त्याने जाळ्याची गाठ आवळली. मग आत बायकोला, फेबेला हाक मारून म्हणाला, "अगं, चष्मा दे माझा. वहिनींना कुठंतरी सही पाहिजे."

म्हणून सालोचे पालक लुकास आणि फेबे सापुलेते. सीमेवरचे झाड लुकासचे. खरे कोणाचे ते तुझ्या वडिलांना ठाऊक होते. वर भेटले की विचारीन.

यापस म्हणतात, थोरल्या मुलाची लेखी संमती लागते, नाहीतर माझ्यामागे कागद वादात पडेल आणि सालोला गाव सोडावे लागेल. तेव्हा बाळा, नीट विचार कर, लेनाशी बोल. मी देवावर भरवसा ठेवून आहे, तुझ्यावरही ठेवते. मृत्युपत्र आहे म्हणून मी जायची वाट पाहू नकोस. उत्तर लवकर लिही.

लिहून देणार: दोर्थेआ सापुलेते
पालक, राजीखुशीने: लुकास सापुलेते, फेबे सापुलेते
साक्षीदार: यापस मानुपुत्ती, गावकारकून, मार्गरिता लोउपात्ती, पाळक
सालोला साक्षीदार होता येत नाही असे सांगितल्यावर तिने रुसून काढलेला मासा: इथे खाली
मुक्काम हातुलोई, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा सोमवार