गादीचे एकमेव वारस

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय पासष्ट, धंदा गाद्या भरणे, राहणार दुकानाच्या माडीवर, आज सकाळी दुसरा चहा घेऊन, डोके ठिकाणावर असताना आणि पाठीशी कोणी काठी घेऊन उभे नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकीलबाईंनी 'राजीखुशीने' हा शब्द घालायला सांगितला. राजी मी आहे. खुशीचे सांगता येत नाही, कारण उद्या मला प्रवासाला निघायचे आहे आणि प्रवास मला जन्मात मानवलेला नाही.

दुरून डोंगर साजरे ही म्हण लोक नुसती बोलतात. मी ती पाळली. चाळिशीपर्यंत माझी धाव गल्लीच्या टोकाच्या वाण्यापर्यंत होती आणि तिथूनही मी घाईने परतत असे. त्यानंतर एकदाच लांब गेलो, तेही दुकानावरच्या पाटीमुळे. या मृत्युपत्रातली खरी इस्टेट ती पाटीच आहे. पण आधी किरकोळ उरकतो.

कलम १. दुकानावरची माडी माझ्या थोरल्या ताईला, ती आहे तोवर. तशीही तिथे तिचेच राज्य आहे. खिडकीतली आरामखुर्चीसुद्धा तिलाच. इतकी वर्षे ताई तिला अडगळ म्हणत आली. आता स्वतः बसून बघावे आणि मग बोलावे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते ताई आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, यांनी निम्मे निम्मे घ्यावे. त्या लांबच्या प्रवासात खजिन्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाने कुठेतरी हंडा पुरला असणार, असा शेजाऱ्यांना संशय आहे. त्यांनी एकदा माझे गळके छप्पर बघून जावे. मी तिथून एकच नाणे आणले. कापड कापताना ते उडू नये म्हणून वर ठेवतो. ते कापडाबरोबर दुकानातच राहील.

कलम ३. पाटी. तिच्यावर लिहिले आहे: 'पूर्वापार गादीचे एकमेव वारस. शेजारच्या दुकानाशी संबंध नाही.' ती माझ्या वडिलांनी रंगवून घेतली, काकांशी वाटणी झाली त्या आठवड्यात. शेजारचे दुकान काकांचे, आता माझ्या चुलतभावाचे. आम्ही दोघे एकाच गादीखाली धंदा शिकलो. मोठी गादी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली की टाके घालायला दोन माणसे लागतात. वरच्याने दाभण खाली टोचायचे, खालच्याने ओढून घेऊन परत वर पाठवायचे. मी वर असे, तो खाली. दाभण पोचले की तो 'आली' म्हणे, म्हणजे सुई आली. वाटणीनंतर तो भिंतीपलीकडे गेला आणि गाद्यांत चिंध्या भरायला लागला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. अगदीच गरज पडली तर ताईला सांगतो, ती त्याला सांगते, आणि दोन्हीकडचे शब्द थोडे नरम करते.

तर एका सकाळी मिशीवाला एक उंच माणूस चार शिपाई घेऊन पाटीपुढे थांबला, पाटी दोनदा वाचली आणि रस्त्यावरच एका गुडघ्यावर बसला.

"महाराज," तो म्हणाला, "गादी रिकामी आहे."

मी म्हटले, "रिकामी कशी असेल? परवाच भरली."

"आम्ही गादीच्या वारसाला शोधत वणवण फिरतोय."

"मग योग्य ठिकाणी आलात. कुठली हवी, एकट्याची की दोघांची?"

"गादीवर दोघं कसे बसतील, महाराज?"

"बसायची असेल तर कापूस घट्ट भरावा लागेल. झोपायची वेगळी."

हे बराच वेळ चालले. ताई चहा घेऊन खाली आली तोवर मी राजा झालो होतो. तो कोण्या बुडालेल्या राज्याचा सेनापती होता. डोंगरातला जुना खजिना गादीच्या वारसाच्याच हाताने मोकळा होईल, असे त्यांचे भाकीत होते. मी शपथेवर सांगितले की माझ्या सात पिढ्यांनी कापूस पिंजला आहे. तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, खरा वारस आधी नाकारतोच, हेही भाकितात आहे.

मी ताईकडे पाहिले. ती मला वाचवेल असे वाटले होते.

"जा की," ताई म्हणाली. "चाळिशी आली. घरात बसून बसून एक दिवस तूच लोड होशील आणि कुणीतरी तुला टेकून बसेल."

मी एकच अट घातली: माझी गादी बरोबर येईल. एका खेचरावर गादी आणि दुसऱ्यावर मी, असे निघालो. प्रवासाचे वर्णन करत नाही. दगड होते, वारा होता, दोन्ही माझ्या बाजूने जास्त होते.

डोंगराच्या पोटात एक राक्षसीण खजिन्यावर निजून होती. निजून म्हणजे नुसती पडून. भाकिताप्रमाणे मला पुढे करण्यात आले आणि बाकीचे मागे झाले. मी पळणारच होतो, पण तेवढ्यात ती कूस बदलून कण्हली, आणि ते कण्हणे माझ्या ओळखीचे निघाले. वाईट गादीवर झोपणारी सगळी गिऱ्हाइके तशीच कण्हतात.

"मावशी," मी म्हटले, "पाठीला टोचतंय का?"

तिने एक डोळा उघडला. "या कुशीला मुकुट, त्या कुशीला घागरी. राजानं राखायला बसवलं आणि तो मरून गेला. किती पिढ्या झाल्या, डोळ्याला डोळा नाही. तलवार कुठंय तुझी?"

"तलवार नाही. दाभण आहे."

मी माझी गादी तिच्या मानेखाली सरकवली. तिला ती उशीलाही अपुरी पडली, पण ती राक्षसीण रडली. मग मी मोठी गादी करायचे ठरवले. मला कोणी सांगितले नव्हते. कोणाची झोप मोडलेली मला बघवत नाही, एवढेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय पाहून अंथरूण करायचे होते, आणि पाय कुठे संपतात ते अंधारात दिसत नव्हते. कापसाची ददात नव्हती. खजिन्यासाठी आधी येऊन गेलेले सगळे शूरवीर चिलखताखाली कापूस भरलेले अंगरखे घालून आले होते आणि पळताना ते तिथेच टाकून गेले होते. मी ते उसवले, कापूस पिंजला, त्यांचेच तंबू आणि झेंडे जोडून खोळ शिवली. सेनापतीला गादीखाली घातले. माणूस धीराचा, पण टाक्याला ढिला. दाभण पोचले की तो 'आली' म्हणण्याऐवजी 'अगं आई गं' म्हणायचा.

ती गादीवर सरकली तेव्हा खजिना मोकळा झाला. भाकीत खरे ठरले. फक्त गादी वेगळी निघाली.

"घेऊन जा सगळं," ती जांभई देत म्हणाली. "झोपलेल्याला काय कळतं? पण जागी झाले की मोजणार. कमी भरलं तर खाली गावात येऊन परत नेणार. राखणदारी आहे बाळा, तिथं माझं काही चालत नाही."

"पंचवीस वर्षं जाग येणार नाही, मावशी. मग कापूस बसतो, गोळे होतात. गादी पुन्हा पिंजावी लागते."

"मग तू येशील?"

"येईन."

त्या खजिन्यातून आपल्या गावाला धरण झाले, नळ आले, दवाखाना झाला. सेनापती इथेच राहिला. राजा नसलेल्या गावात सेनापतीला जे करता येते ते तो करतो, म्हणजे नगरपालिकेत जाऊन भांडतो. गेल्या महिन्यापासून फळीवरचे डबे वाजत आहेत. लोक भूकंप म्हणतात. मला ठाऊक आहे, ती कूस बदलते आहे. मी गेलो नाही तर ती उठेल, मोजेल आणि उतरून येईल. धरणाचे सोने परत काढून देता येत नाही.

म्हणून उद्या निघतो. मला भीती वाटते, हे लिहून ठेवतो.

वरील कारणांनी ती पाटी, दुकान आणि गिऱ्हाइके मी भाचीला देत आहे. तिच्या हाताला कापूस कळतो. तीही बरोबर यायला निघाली होती, पण दुकान बंद ठेवून कोणाचे भले झालेले नाही. तिने पाटी आहे तशी ठेवावी, 'एकमेव' या शब्दासकट.

कलम ४. कापूस पिंजायची धनुकली आणि लांब दाभण मी बरोबर नेत आहे. परत आली तर भाचीची. एकटीच परत आली, तर खेचराला चांगला चारा घालावा.

कलम ५. चुलतभावावरचा माझा राग कोणालाही देत नाही. तो जुना आहे, त्याला माझ्या हाताची सवय आहे. मृत्युपत्रावर साक्ष घालणाऱ्याला त्यातून काही मिळू शकत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. हे ऐकताच मी दुसरा साक्षीदार पक्का केला. ताई त्याला सांगून आली आहे.

कलम ६. टाक्यांचे काय, असे भाचीने विचारले. सेनापती यायला तयार आहे, पण त्याचे गुडघे आता वाकत नाहीत. मी वरून दाभण टोचीन, उतरून खाली जाईन, ओढीन, पुन्हा वर चढेन. तसा टाका ढिला पडतो आणि गादी लवकर बसते, हे मला कळते. पण या वयात आता दुसरा माणूस कुठून आणू?

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि त्यावर सही केली.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली.
तारीख: निघण्याच्या आदला दिवस.

सही: गादीवाला

साक्षीदार पहिला: सेनापती (निवृत्त). मी 'अगं आई गं' एकदाच म्हणालो होतो.

साक्षीदार दुसरा: शेजारचा दुकानदार, लिहून देणाऱ्याचा चुलतभाऊ. कागद पूर्ण वाचला. कलम ३ मधला चिंध्यांचा उल्लेख खोटा आहे. निम्मा कापूस असे. पाटीवर माझा हक्क नाही, तो मागतही नाही. पण मोठ्या गादीखाली कोण बसायचं ते मला लहानपणापासून माहीत आहे. माझे गुडघे शाबूत आहेत. उद्या तिसरं खेचर माझं. तू वरून सुई पाठव, 'आली' म्हणायला मी आहे.

दुरुस्ती: कलम ३ मध्ये पाटीवरचा 'एकमेव' हा शब्द ठेवावा असे लिहिले आहे. तो खोडावा. भाचीने आजच शिडी लावावी. खाडाखोड माझी, मला मान्य.

सही: गादीवाला