अकरा वेळा सांगितलेलं

दि. ९ मार्च, दुपारचे साडेतीन

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू आणि भावजी बरे असाल. आईच्या गुडघ्याचं काय? कागदावरच्या तपकिरी डागांकडे लक्ष देऊ नकोस, चहा सांडला.

मागच्या पत्रात तू विचारलंस की नववीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला भाषांतराची नोकरी दिली कुणी. बरोबर आहे. पण जहाजाच्या भटारखान्यात दीड वर्ष कांदे सोलताना स्पॅनिश शिव्या शिकलो आणि शिव्यांच्या मागोमाग भाषा आली. इंग्रजी तू कान पिळून शिकवलंसच. इथे मांस कापायचा कारखाना आहे. कापणारे चाळीस जण स्पॅनिश बोलतात, मुकादम इंग्रजी. मध्ये मी, एका पालथ्या खोक्यावर उभा.

काम मजेचं आहे, म्हणजे होतं. हे लोक सरळ बोलतच नाहीत. फसवलं म्हणायचं तर ‘सशाऐवजी मांजर दिलं’ म्हणतात. फटकळ माणसाच्या ‘जिभेवर केस नसतात’. कुणी मेला की तो ‘पाय ताणतो’. हेच इंग्रजीत बादलीला लाथ मारतो आणि आपल्यात नुसताच गचकतो. शब्दाला शब्द लावला तर समोरचा बावळटासारखा बघत राहतो. तेव्हा आधी त्याचा अर्थ गिळायचा आणि मग इंग्रज माणूस रागावला की काय म्हणेल ते बोलायचं. यात मी तरबेज झालो. बूटही नवे मिळाले, रबराचे, गुडघ्यापर्यंत, आत पाय उकडलेल्या बटाट्यासारखे होतात. पण ते जाऊ दे.

दुसऱ्याच आठवड्यात एक प्रकार झाला. दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं, ‘मी’ म्हणायचं असतं. एकानं मुकादमाला मांजर-सशाचं ऐकवलं. मी चोख इंग्रजी करून म्हणालो, मला गंडवतोस काय रे चोरा. मुकादमानं ओल्या हातमोज्यानं माझ्याच थोबाडीत दिली. दाढ पडली. मग त्या कापणाऱ्याला माझं भाषांतर गुळमुळीत वाटलं, म्हणून संध्याकाळी त्यानं मला बरगडीत घातली. दोन्हीकडून मार, मृदंगासारखा.

त्यानंतर मी शहाणा झालो. शब्दांची धार काढून टाकायला लागलो. इकडून ‘तुझी आतडी गळ्यात घालीन’ आलं की तिकडे ‘जरा नाराज आहे, साहेब’ जायचं. तिकडून ‘या जनावरांना’ आलं की इकडे ‘तुम्हा मंडळींना’. आधी आठवड्याला एक तरी सुरा निघायचा. एकाचा कान माझ्यादेखत लोंबत होता. मी आल्यावर सगळं थंड झालं. मुकादमानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला कुणी थोपटण्यासाठी हात लावला.

आता मामाबद्दल. आपला नव्हे. इथला सगळ्यात जुना कापणारा, पण मिशा आणि रुसणं हुबेहूब मामासारखं, म्हणून मी त्याला मामाच म्हणायचो. त्याला अर्थ कळल्यावर तोही मला भाचा म्हणायला लागला. जेवताना आपल्या डब्यातलं अर्धं माझ्यासमोर सरकवायचा. हाडं कापायच्या विजेच्या करवतीवर त्याचा सख्खा मेहुणा होता. तिच्या पात्यावरचं झाकण तुटलं होतं. मामा मुकादमासमोर यायचा आणि म्हणायचा, ‘घागर रोज पाणवठ्यावर जाते, एक दिवस फुटते.’ त्याची तीच पद्धत. करवतीकडे नुसती हनुवटी उडवायची आणि म्हण टाकायची. मालकाच्या माणसापुढे सरळ विनवणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

मी मुकादमाला सांगायचो, तो म्हणतोय सावकाश कधी तरी करवतीकडे बघा. मुकादम म्हणायचा, बघू सावकाश.

मग मामा मला विचारायचा, सांगितलंस ना? मी म्हणायचो, सांगितलं.

असं अकरा वेळा. मामा बोटांवर मोजत होता, ते मला नंतर कळलं. मला अर्थ कळत नव्हता असं नाही हं. झाकण तुटलेलं मला रोज दिसत होतं. पण मामाचा आवाज चढलेला असायचा, मुकादमाचा हातमोजा ओला असायचा आणि माझ्या हिरडीत ती जागा अजून ठणकत होती.

एकवीस फेब्रुवारीला मेहुण्याचा उजवा पंजा गेला. मनगटापासून. तो ओरडला नाही, मांस वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून पुढे निघालेल्या आपल्या हाताकडे बघत राहिला, आणि हात इतर मांसाबरोबर वळणावरून गेलासुद्धा. मुकादमानं स्वतःचा कमरेचा पट्टा काढून त्याचा दंड आवळला, स्वतःच्या गाडीत घालून नेला. हे लिहायलाच हवं, कारण इथे हे कुणीच बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी, बूट धुवायच्या खोलीत, मामानं मुकादमाला गाठलं. हातात मांस टांगायचा आकडा. तो हनुवटीखालून घुसला आणि टोक तोंडात दिसलं. मग मामा त्याला आकड्यासकट फरशीवरून ओढत राहिला आणि बुटानं चेहऱ्यावर मारत राहिला. डावा डोळा तिथेच गेला. पाण्याचा पाइप चालूच होता, सगळं गुलाबी होऊन मोरीकडे निघालं होतं. मी चार पावलांवर. मामा मारताना बोलत होता, आणि ताई, मी भाषांतर करत होतो. सवयीनं. तो म्हणाला, ‘ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यासारखा बहिरा नाही.’ आपल्याकडे झोपेचं सोंग घेणाऱ्याला जागं करता येत नाही, तसलं. मी त्याचं इंग्रजी केलं, धार न काढता. सात महिन्यांत इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं. मुकादमानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण तो विचारत होता, काय ऐकायचं?

मी धावून मध्ये पडलो नाही. दोघांनी मामाला ओढलं, मी पाइप बंद केला.

आता मुकादमाचा जबडा तारांनी बांधलाय. तो पाटीवर एकच वाक्य लिहितो : मला धोक्याचं कुणी काही सांगितलं नाही. मामा कोठडीत एकच वाक्य बोलतो : मी अकरा वेळा सांगितलं. तपास करणारा अधिकारी म्हणतो, एक जण खोटं बोलतोय. तो मामाच असेल तर राग अनावर झाल्याची सबब संपली, ठरवून केलेला खुनाचा प्रयत्न, म्हातारा आतच पाय ताणणार.

आज सकाळी मामाचा जबाब होता. भाषांतराला मीच. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे मामा, हातात बेड्या. तो मला बघून हसला, म्हणाला, आला माझा साक्षीदार. अधिकाऱ्यानं विचारलं, नेमकं काय सांगितलं होतंस? मी प्रश्न मामाला सांगितलाच नाही. म्हणालो, मामा, तुझं म्हणणं मी पोचवलं नाही.

त्यानं शांतपणे विचारलं, “अकरातलं किती पोचवलं?”

“एकदाही नाही.”

मग त्यानं बेड्यांसकट माझं डोकं धरून टेबलावर आपटलं. तीनदा. नाक मोडलंय. तेव्हा चहा वगैरे काही सांडलेला नाही. तिसऱ्यांदा आपटताना तो रडत होता. शिपायांनी त्याला दंडुक्यांनी झोडपत आत नेलं, तेव्हा ओरडत होता की मारायचं होतं कुणाला आणि मारलं कुणाला. ते अधिकाऱ्याला कळलं नाही. त्यानं मला विचारलं, तू काय बोललास त्याला? मी म्हणालो, नाकातून रक्त येतंय, उद्या सांगतो. तो म्हणाला, उद्या दहाला ये, गाव सोडू नकोस.

मी बसस्टँडवर बसून लिहितोय. पाचच्या गाडीचं तिकीट काढलंय. तू म्हणशील, हा नेहमीचाच. शाळेतून पळाला, जहाजावरून पळाला. उद्या मी बोललो तर मलाही आत घालतील की नाही ठाऊक नाही, पण बाहेर ठेवलं तर ते चाळीस जण आहेत आणि चाळीस सुरे. मेहुणा तर माझ्यासमोर येऊन नुसता उभा राहिला तरी पुरे.

आणि नाही बोललो, तर मुकादम जन्मभर समजेल की म्हातारा पिसाळला होता, आणि मामा आत मरेल खोटारडा म्हणून. खोटं तर त्यानं एकदाही सांगितलं नाही, ते सगळं माझं.

गाडी लागली. कंडक्टर दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तिकीट त्याला परत दिलं, म्हटलं, बसायचं नाही. तो म्हणाला, तुमचं नाक बघा आधी. चांगला माणूस.

पाच वाजून दहा मिनिटं झाली. गाडी गेली. पाकिटावर पत्ता घातलाय, उत्तर त्याच पत्त्यावर पाठव. मी बाहेर असेन किंवा आत, पण याच गावात.

एक काम कर. आईला माझी पत्रं तूच वाचून दाखवतेस आणि तिला झेपेल तेवढंच वाचतेस, हे मला माहीत आहे. हे पत्र जसंच्या तसं वाच. पंजाचं, डोळ्याचं, आणि त्या दोघांमध्ये उभ्या असलेल्या तिच्या पोराचंही. ती रडली तरी थांबू नकोस.

सगळं ऐकूनही न पोचवणारा,
तुझा धाकटा